गव्हाच्या खोलीतलं गाणं

माझ्या धाकट्या भावाने पुण्यात घर बदललं आणि नव्या घरात त्याचे दोन मोठे स्पीकर मावेनात. आमच्या कोल्हारच्या घरात जे काही घडलं ते एवढ्या साध्या कारणानं.

"ताई, तुला देऊन टाकतो," तो फोनवर म्हणाला. "रेकॉर्ड प्लेयर, अँप्लिफायर, स्पीकर, खोकंभर रेकॉर्डी, सगळं. अट एकच. टीव्हीशेजारी मांडायचं नाही. त्याला वेगळी खोली द्यायची."

मी हो म्हणून टाकलं. त्याच वर्षी मी हायस्कुलातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं. ध्वनीचा धडा तर झोपेतून उठवलं तरी घेतला असता. नादकाटा, प्रतिध्वनी, निनाद, अनुनाद, सगळं फळ्यावर. घरी गाणं ऐकायचं ते मात्र मोबाइलवर, आणि तो मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करून, म्हणजे आवाज जरा मोठा येतो.

घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला. आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते, सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी. हंगामात तिथं माणसं खुणांनीच बोलत. त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. माझं मत थोडं निराळं होतं. कमी ऐकू येतं हे खरं, पण ऐकायचं नसलं की जरा जास्तच कमी येतं, असं मी बहिणींना सांगत असे. मी म्हणायचे, "चहा झालाय," तर हे घड्याळाकडे बघून म्हणायचे, "कुठं दहा? साडेआठ तर झालेत." मला वाटायचं, थट्टा करतात. थट्टेचा स्वभाव होताच त्यांचा.

सामान आलं पेरूच्या टेम्पोतून. राहात्याचे पेरू पुण्याला पोचवून टेम्पो रिकामा परततो, त्यात भावानं सगळं चढवून दिलं. हादरे बसू नयेत म्हणून ड्रायव्हरनं स्पीकरच्या भोवती रिकामे क्रेट आणि पेरूचा पालापाचोळा कोंबला होता. पुढचे पंधरा दिवस रेकॉर्ड लावली की खोलीत पेरूचा वास सुटायचा.

खोली म्हणजे मागची, आठ बाय दहाची. तिच्यात आमचा वर्षाचा गहू असे. नुकताच नवा गहू भरलेला, नऊ पोती, भिंतीला टेकून शहाण्यासारखी बसलेली.

"आन गहू कुठं ठिवायचा?" ह्यांनी विचारलं. "माझ्या डोक्यावर?"

"व्हरांड्यात ठेवू."

"उंदीर?"

"मांजर आहे की आपली."

"ती मांजर? तिला उंदीर दिला तर तूप लावून मागंल."

तरी पोती बाहेर निघाली. व्हरांड्यात त्यांच्यावर ताडपत्री आली, आणि त्या ताडपत्रीशेजारी खुर्ची टाकून हे दिवसभर बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं की सांगत, "आमच्या बाईला गाण्याची खोली पायजे, म्हणून मी गव्हावर वॉचमन हाय."

आमच्या शेजारी एकाचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. तो माझाच जुना विद्यार्थी. आता त्याचीच पोरं कॉलेजात आहेत, पण मला अजून "बाई" म्हणतो आणि समोर आला की हात मागे बांधतो. स्पीकर आले हे कळताच तो बघायला आला. चारही बाजूंनी फिरला, वाकला, जाळीवर बोट फिरवलं.

"बाई, ह्याला हॉर्न कुठाय?"

"तुझ्या मंडपातला भोंगा ह्याला लागत नाही."

"मग मानसं जमनार कशी?"

"माणसं जमवायची नाहीत रे. मला एकटीला ऐकायचं आहे."

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. निवृत्तीनंतर काही लोकांना होतं असं, असा भाव होता. पण वायरी मात्र त्यानं मनापासून जोडून दिल्या. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. "भिंतीपासून एक हात पुढे घ्या. दोन्हींची तोंडं किंचित आत वळवा, समोरच्या खुर्चीकडे बघत असल्यासारखी." शेजारी प्रत्येक वाक्याला "व्हय साहेब" म्हणत होता आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "बाई, स्पीकर मानसाकडं तोंड करून ठेवायचा हे आमाला बी म्हाईत हाय."

मग मी पहिली रेकॉर्ड लावली. भावाच्या खोक्यात एका बाईंची ख्यालाची रेकॉर्ड होती, तीच लावली. डोळे मिटून बसले आणि लगेच उघडले. ती बाई विहिरीत उतरून गात होती. प्रत्येक सूर चारही भिंतींवर आपटून माझ्याकडे परत येत होता, आणि आधीचा पोचायच्या आत पुढचा निघत होता. शिवाय मधूनच कुठूनतरी "झ्यांऽऽ" असा आवाज यायचा, जणू कुणी तिला दाद देतंय.

शेजाऱ्यानं मान हलवली. "हॉर्न पायजे हुता."

ज्या बाईनं एवढी वर्षं निनाद शिकवला, तिच्या घरात निनाद स्वतः येऊन बसला होता. गुळगुळीत गिलावा, फरशी, वर स्लॅब, खोली रिकामी. दुसरं काय होणार? मी घरातल्या गोधड्या काढून भिंतीवर टांगल्या. शेजाऱ्यानं मंडपातली एक जुनी लाल सतरंजी आणून दिली, ती खाली अंथरली. विहीर जरा उथळ झाली. पण "झ्यांऽऽ" जाईना. शेवटी एका दुपारी रेकॉर्ड चालू ठेवून मी एकेका वस्तूवर हात ठेवत गेले. खुंटी, खिडकीचा गज, ह्यांची हत्यारांची पेटी. फळीवरच्या पितळी कळशीवर हात ठेवला आणि आवाज बंद! हात काढला, बाई त्या सुरावर आली, आणि कळशी पुन्हा बोलली. अनुनाद. मी इतकी खूश झाले की कळशी खाली काढायच्या आधी चार वेळा तिला बोलायला लावलं, आणि ह्यांना बोलावून दाखवलं.

हे दारात उभे राहून बघत होते. "काय झालं?"

"ऐकलंत का? कळशी गायली!"

"हां हां, लई भारी," म्हणाले आणि गव्हावर परत गेले. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला कशाचंच कौतुक नाही.

मग अवकाळी पाऊस आला. मी चर्चमध्ये होते, ईस्टरच्या गाण्यांचा सराव चालला होता. आभाळ भरून वारा सुटला तेव्हा मला गव्हाची आठवणसुद्धा झाली नाही. घरी आले तर व्हरांडा रिकामा. हे आणि शेजारी, दोघंही भिजून चिंब, स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले.

"गहू कुठाय?"

ह्यांनी हनुवटीनं मागच्या खोलीकडे दाखवलं.

दार उघडून पाहिलं तर पोतीच पोती! घाईत जिथं जागा दिसली तिथं टाकलेली. दोन्ही स्पीकरच्या मागच्या कोपऱ्यांत प्रत्येकी तीन थप्पीनं, उरलेली खुर्चीच्या पाठीमागं. सतरंजीवर चिखलाची पावलं. मला इतका राग आला की वाटलं, आता रेकॉर्ड लावून दाखवतेच, म्हणजे ह्यांना कळेल काय वाटोळं केलंय ते. शेजाऱ्यालाही बोलावलं. दोघं कपबश्या हातात घेऊन उभे राहिले. मी सुई ठेवली.

ती बाई विहिरीतून वर आली होती. समोर, दोन स्पीकरच्या मधे, मोकळ्या जागेत बसली होती. तंबोरा तिच्या मागं, तबला जरा उजवीकडे. एकदा तिनं दम घेतला, तोही ऐकू आला. मी बोलायचं ठरवलेलं सगळं विसरून गेले.

शेजारी हळूच पुढे आला आणि स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत वाकून बघू लागला.

"बाई, ही हितं बसलीय?"

"तसंच वाटतं खरं."

"आन हितं तर स्पीकरच न्हाई." त्यानं हवेत हात फिरवला. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाला, "गव्हानं केलं व्हय हे?"

गव्हानंच केलं होतं. कोपऱ्यात साठणारा घुमणारा आवाज पोत्यांनी गिळला होता. मी ते समजावून सांगू लागले, तेव्हा हे म्हणाले, "म्हंजी गहू आत पायजे. आन मी तीन आठवडे भाईर उंदरं हाकत बसलो." पोती तिथंच राहिली. भावाला फोटो पाठवला, तर त्यानं लिहिलं की पुण्यात लोक यासाठी परदेशी फोम आणतात. हे म्हणाले, "फोमची भाकरी व्हती का इचार त्याला."

एक दोष उरला होता. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक "हूंऽऽ" येत राहायचं. शेतातले पंप सुरू झाले की जास्त. शेजाऱ्यानं वायरी उलटसुलट करून पाहिल्या. ह्यांना तो आवाज काही ऐकू येईना. पण त्यांनी अँप्लिफायरच्या पत्र्यावर पंजा टेकवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "थरथरतंय. अर्थिंग न्हाई हाय तुमच्या लाइनीला." कारखान्यात यंत्राला काय दुखतंय ते ते हातानंच ओळखत, हे मी ऐकून होते, पाहिलं त्या दिवशी.

दुसऱ्या सकाळी त्यांनी भिंतीच्या मागं खड्डा खणायला घेतला. गुडघाभर, मग कमरेएवढा. रस्त्यानं जाणारे थांबू लागले. एकानं विचारलं, बोअर घेता का? एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं की घरात काही सापडलंय का, म्हणजे जुनं काही. हे घाम पुसत सगळ्यांना तेच सांगत, "गान्यासाठी खड्डा हाय." तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा घातला, पाणी सोडलं, तार आत आणली. मी खोलीत खुर्चीवर बसलेली. ते खिडकीबाहेरून तार लावत आणि ओरडत, "हाय का गेला?"

"आहे!"

"हाय का गेला?"

"गेला!"

"काय?"

मी खिडकीशी जाऊन हातानं खूण केली. त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं आणि असे चालत निघाले की जणू पाळी सुटल्याची शिट्टीच वाजली असावी.

त्याच आठवड्यात खोक्याच्या तळाशी एक रेकॉर्ड सापडली. तिच्यावर गाणं नव्हतंच. एक साहेब इंग्रजीत आकडे सांगत होता, आणि प्रत्येक आकड्यानंतर एकसारखा सूर, आधी अगदी खालचा, मग चढत चढत वर. यंत्र तपासायची रेकॉर्ड. मला वाटलं, दुपारचा वेळ आहे, गंमत करू. ह्यांना खुर्चीवर बसवलं.

"सूर ऐकू येतोय तोवर बोट वर ठेवायचं. थांबला की खाली. शाळेतल्यासारखं."

"छडी घेतली का?" असं म्हणत त्यांनी बोट वर केलं.

खालच्या सुरांना त्यांचं बोट माझ्या आधी वर गेलं. दोन सूर तर मला ऐकूच आले नाहीत आणि हे म्हणाले, "हाय की, खुर्चीत येतोय." मग सूर चढू लागला. बोट वर. आणखी चढला. बोट वर. बासरीच्या वरच्या अंगापर्यंत आला आणि बोट खाली आलं.

सूर चालू होता. पुढचा आकडा झाला, पुढचा सूर आला, स्वच्छ, टोकदार. त्यांचे हात मांडीवर.

"अहो, थट्टा नको."

"संपली ना रेकॉर्ड?" ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले.

मी पुन्हा लावली. ह्या वेळी मी त्यांच्या मागं उभी राहिले, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून कळू नये. बोट त्याच सुराला खाली आलं. तिसऱ्यांदा लावली. पुन्हा तिथंच. जणू कुणी तिथं भिंत बांधली होती, आणि तिच्या पलीकडे माझी कळशी होती, पाखरं होती, आणि माझं निम्मं बोलणं होतं. स, श, च, त, ख, अशी अक्षरं ज्या बारीक फुंकरीनं ओळखू येतात, ती फुंकर त्या भिंतीच्या पलीकडे पडते. हे मला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मीच ते वर्गात सांगितलं होतं. चहा आणि दहा. साखर मागितली की हे भाकर आणून द्यायचे. मी रागावायचे आणि हे हसायचे, कारण मी का रागावले ते त्यांना कळलेलं नसायचं.

मी गव्हाच्या पोत्यावर बसले.

"अहो," मी म्हटलं, "माझं चुकलं."

"सुकलं?" ते लगेच उठले. "बस तू. आनतो."

आणि मला काही बोलता यायच्या आत बाहेर जाऊन दोरीवरचे सगळे कपडे काढून आणले. खांद्यावर माझी साडी, काखेत चादर, चेहऱ्यावर काम वेळेत केल्याचं समाधान. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. ते कपडे हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे.

"वाईस वले हायेत का अजून?"

मी त्यांना जवळ बोलावलं, आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला, अगदी खर्जात, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "कपडे नाही. मी. माझी चूक. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही लक्षच देत नाही."

त्यांनी खांद्यावरची साडी खुर्चीवर ठेवली. मग म्हणाले, "लक्ष देतो की. तोंडाकडं बघतो ना तुझ्या. तू पाठ करून बोलतीस मग अवघड जातं." आणि चादरीची घडी घालू लागले.

कानाचं यंत्र आमच्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी मुलीनं घेऊन दिलेलं, टेबलाच्या खणात पडून होतं, कारण हे म्हणत की ते घातलं की डब्यात खडे वाजवल्यासारखं होतं. त्या सोमवारी आम्ही एसटीनं नगरला गेलो. कोणत्या सुरापासून बोट खाली येतं ते मी वहीत लिहून नेलं होतं. कानाच्या डॉक्टरांनी वही पाहिली, मग स्वतःची तपासणी केली, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाले, "बाई, तुमचं गाण्याचं यंत्र बरं दिसतंय." कानाचं यंत्र त्यांनी कॉम्प्युटरला जोडून नव्यानं बसवून दिलं. आधी दुकानातून आलं तसंच ते कानात गेलं होतं.

परतीच्या एसटीत हे खिडकीला चिकटून बसले होते. राहुरी मागं पडेपर्यंत बाहेरचं ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या बांगड्या वाजतात."

"नेहमीच वाजतात."

"लई वाजतात."

घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीवर बसवून त्या बाईंची रेकॉर्ड लावली. मला वाटत होतं, आता डोळे भरून येतील वगैरे. त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. मग म्हणाले, "चांगली गाती. पन वर जाती तवा एवढं काय काम असतं तिथं?" त्यांना आवडला पखवाज. खोक्यात पखवाजाची एकच रेकॉर्ड होती, ती त्यांनी त्या महिन्यात इतकी वाजवली की शेजारी भिंतीपलीकडून विचारायचा, आज दुसरं काही हाय का? पखवाजाला यंत्र काढून ठेवतात, पंजा स्पीकरच्या लाकडावर टेकवतात, आणि टर्बाइन व्यवस्थित चालली आहे असा चेहरा करून बसतात. जेवताना आणि चर्चला जाताना यंत्र घालतात.

चर्चचीच गोष्ट सांगायची राहिली. मी गायकवृंदात वरच्या पट्टीत गाते. एवढ्या वर्षांत दर रविवारी घरी येताना हे म्हणत आले, "छान झालं गानं." नव्या यंत्रानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी आम्ही फाटकातून बाहेर पडलो, आणि हे काही बोलेनात.

"कसं झालं गाणं?" मीच विचारलं.

"चांगलं झालं." मग चार पावलं चालून म्हणाले, "शेवटच्या वळीला तू वर जातीस ना, तिथं जरा खालीच ऱ्हातीस."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ज्या माणसाला कालपरवापर्यंत कळशी ऐकू येत नव्हती, तो मला सूर शिकवणार? तिसऱ्या दिवशी हे बाजारला गेले तेव्हा मी मागच्या खोलीत शिरले, दार लावलं, मोबाइलवर पेटीचा सूर धरला आणि ती ओळ एकटीनं म्हणून पाहिली. तीन वेळा म्हटली. सूर खालीच लागत होता.